वाचकांचे प्रश्न : केगमधली बिअर किती थंड, त्यावर तिच्यातला वायू

घरी बिअर बनवणाऱ्या वाचकांची या महिन्यातली पत्रे एकत्र ठेवून वाचली, तेव्हा एक गोष्ट ठळकपणे लक्षात आली. जवळजवळ प्रत्येकाने रेग्युलेटरवरचा (सिलिंडरमधून येणाऱ्या गॅसचा दाब ठरवणाऱ्या साधनावरचा) दाब अगदी नेमका कळवला आहे, पण त्या वेळी बिअर किती अंशांवर होती हे एका-दोघांनीच लिहिले आहे. केगमध्ये, म्हणजे बिअरच्या धातूच्या बंद पिंपात, वायू (कार्बन डायऑक्साइड) भरताना हे दोन आकडे एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. म्हणून या वेळचे सदर त्यांच्याच जोडीला दिले आहे. खाली जिथे नुसते ‘अंश’ म्हटले आहे, तिथे अंश सेल्सिअस समजावेत. पीएसआय हे दाबाचे एकक आहे : दर चौरस इंचावर इतके पौंड.

प्रश्न : बाटल्या सोडून मी पहिल्यांदाच १९ लिटरचा केग घेतला. तक्त्यात १२ पीएसआय दाब सांगितला होता, म्हणून रेग्युलेटर १२ वर लावून केग दोन आठवडे खोलीतच ठेवला. खोलीचे तापमान २० अंशांच्या आसपास असते. नंतर गॅसची नळी काढून केग फ्रीजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी तोटी उघडली, तर बिअर कशीबशी रेंगाळत आली, फेस जवळपास नव्हता आणि चवही सपक लागली. साबणाचे पाणी लावून सगळे जोड तपासले, पण कुठेच गळती सापडली नाही. मग वायू गेला कुठे?

उत्तर : वायू कुठेही गेलेला नाही, तो आपल्या बिअरमध्ये पुरेसा शिरलाच नव्हता. आपण वाचलेला १२ पीएसआयचा आकडा चुकीचा नाही, परंतु तो ४ अंशांवरच्या बिअरसाठी आहे. तक्त्यात दाबाच्या शेजारी तापमानाचाही रकाना असतो, आणि घाईत नेमका तोच वाचायचा राहून जातो.

साखर गरम पाण्यात अधिक विरघळते, म्हणून वायूचेही तसेच असेल असे मनात येते, पण वायूचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. पातेल्यात पाणी तापत ठेवले की उकळी फुटण्याच्या कितीतरी आधी तळाशी आणि कडेला बारीक बुडबुडे धरलेले दिसतात. ती पाण्याची वाफ नसते, तर पाण्यात विरघळलेली हवा असते, आणि पाणी तापू लागल्यावर ती आत राहू शकत नाही. बिअरमधल्या कार्बन डायऑक्साइडचेही हेच होते. दुसरा नियम दाबाचा आहे. विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये तो मांडला आणि तो आजही त्याच्याच नावाने ओळखला जातो : ठरावीक तापमानाला द्रवात विरघळणारा वायू हा त्या द्रवावरच्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात असतो. या नियमातले ‘ठरावीक तापमानाला’ हे शब्द आपल्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचे आहेत.

बिअरमधला वायू मोजण्याची रीत अशी : एक लिटर बिअरमधला सगळा कार्बन डायऑक्साइड बाहेर काढून शून्य अंश आणि सामान्य वातावरणीय दाब यांवर मोजला आणि तो अडीच लिटर भरला, तर त्या बिअरमध्ये अडीच पट वायू आहे असे म्हणायचे. एक पट म्हणजे दर लिटरला जवळपास २ ग्रॅम वायू. एल आणि लागर हे बिअरचे दोन मुख्य प्रकार. इंग्लिश पद्धतीच्या मवाळ एलमध्ये तो दीड ते दोन पट असतो, बहुतेक फिकट लागर आणि एलमध्ये सव्वादोन ते पावणेतीन पट, आणि जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये साडेतीन पटींच्या किंवा त्याच्याही वर.

आता रेग्युलेटर १२ पीएसआयवर स्थिर धरा आणि फक्त तापमान बदलत न्या. बिअर शून्य अंशावर असेल तर तिच्यात सुमारे २.९ पट वायू मुरतो, ४ अंशांवर २.५ पट, ७ अंशांवर २.३ पट आणि १० अंशांवर २.१ पट. आपल्या खोलीच्या २० अंशांवर तो केवळ दीड पटीपर्यंत पोहोचतो आणि तिथेच थांबतो. दोन आठवड्यांऐवजी दोन महिने ठेवला असता तरी तो दीड पटच राहिला असता, कारण समतोल साधला की पुढे काही घडत नाही.

बिअर रेंगाळत का आली, हेही याच हिशेबातून कळते. दीड पट वायू असलेली बिअर २० अंशांवर १२ पीएसआय दाब धरून होती. गॅसची नळी काढून तीच बिअर ४ अंशांपर्यंत थंड केल्यावर तिची वायू धरून ठेवण्याची ताकद वाढली, आणि वरच्या मोकळ्या जागेतला वायूही तिने थोडाफार शोषून घेतला. अशा बिअरचा ४ अंशांवरचा समतोल दाब जेमतेम १ पीएसआय भरतो, आणि एवढ्या दाबाने बिअर नळीतून वर चढणार तरी कशी? शिवाय या केगचे झाकण आतल्या दाबानेच रबरी कड्यावर घट्ट बसते. त्यामुळे गॅस न जोडता केग थंड करत ठेवणे एरवीही टाळावे.

आता उपाय अगदी सरळ आहे. केग फ्रीजमध्येच राहू द्या, गॅस पुन्हा जोडून १२ पीएसआय लावा आणि आठ-दहा दिवस धीर धरा. केग खोलीतच ठेवून २.५ पट वायू हवा असेल, तर २० अंशांवर जवळपास २८ पीएसआय आणि २५ अंशांवर ३३ पीएसआय दाब लागेल. तसे करता येते, फक्त नळ्या आणि जोड तेवढा दाब पेलणारे आहेत का, हे आधी पाहून घ्यावे.

प्रश्न : माझ्या फ्रीजच्या थर्मोस्टॅटवर ४ अंश दिसतात आणि रेग्युलेटरही १२ पीएसआयवर आहे. तरीही रोजचा पहिला ग्लास निम्म्याहून अधिक फेसाचाच येतो. दुसरा बरा असतो आणि तिसरा उत्तम. पहिल्या ग्लासचे असे का होते?

उत्तर : आपण ग्लासांचा हा क्रम लिहून कळवलात, हे फार उपयोगाचे झाले, कारण निदान त्यातच आहे. केगमधली बिअर बिघडलेली असती तर प्रत्येक ग्लास फेसाळला असता. फक्त पहिलाच फेसाळतो याचा अर्थ केगमधली बिअर ठीक आहे, पण रात्रभर वरच्या नळीत आणि तोटीत थांबलेली बिअर गरम झाली आहे.

तोटीचा खांब फ्रीजच्या बाहेर, खोलीच्या हवेत उभा असतो. फ्रीजमधली थंड हवा जड असल्यामुळे ती आपण होऊन त्या खांबात चढत नाही. ४ अंशांवर निवांत बसलेला वायू त्या नळीत १५-१८ अंशांना सुटा होऊ लागतो, आणि तोटी उघडताच ते बुडबुडे मागून येणाऱ्या थंड बिअरलाही ढवळून काढतात. आतून ५ मिलिमीटरपेक्षा किंचित कमी रुंद असलेल्या ३ मीटर नळीत जेमतेम ५० मिलिलिटर बिअर मावते, पण तेवढी बिअरही सगळा ग्लास फेसाने भरायला पुरते. धातूची तोटी गरम असेल तर त्यात आणखी भर पडते.

एकदा हे स्वतः मोजून पाहावे. पहिला ग्लास भरून त्यात लगेच थर्मामीटर बुडवावा, तो आकडा टिपून ठेवावा, आणि तिसऱ्या ग्लासचाही असाच टिपावा. दोन्हींत पाच-सात अंशांचा फरक आला, तर खांबात थंड हवा पोहोचवणे हाच उपाय आहे. फ्रीजच्या तळाशी छोटा पंखा बसवून त्याची हवा एका लवचिक नळीने खांबाच्या टोकापर्यंत नेली, की बहुतेक वेळा तक्रार मिटते. ग्लास मात्र थंड पाण्याने विसळून घ्यावा. कोरड्या आणि कोमट ग्लासात चांगली बिअरही अकारण फेसाळते.

आपण थर्मोस्टॅटच्या आकड्यावर जो विश्वास टाकला आहे, त्याविषयीही थोडे सांगायला हवे. माझ्या पहिल्या फ्रीजमध्ये तापमान मोजणारी तार मी आतल्या थंड पत्र्याजवळ मोकळी लोंबकळत ठेवली होती. आकडा ४ दाखवत असे आणि बिअर मात्र नेहमी थोडी मंद लागे. मी वॉशर बदलले, रेग्युलेटरवर शंका घेतली, जोड पुन्हा पुन्हा घट्ट केले. शेवटी ग्लासातच थर्मामीटर घातला तेव्हा कळले की बिअर ८ अंशांवर आहे. १२ पीएसआयवर ८ अंशांची बिअर सुमारे २.२ पट वायू धरते, म्हणजे ती जशी असायला हवी होती तशीच होती. तेव्हापासून ती तार मी केगच्या अंगाला, बिअरच्या पातळीच्या खाली, चिकटपट्टीने लावतो आणि वरून फोमचा तुकडा बसवतो, म्हणजे तिला हवेऐवजी केगचे तापमान कळते. याने कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होणेही कमी होते.

प्रश्न : फेस फार येतो म्हणून मी दाब १२ वरून ५ पीएसआयवर आणला. पहिल्या दिवशी छान वाटले, पण तिसऱ्या दिवसापासून फेस पूर्वीपेक्षाही वाढला. दाब कमी केल्यावर फेस कमी व्हायला नको का?

उत्तर : असे वाटणे साहजिक आहे आणि पहिला दिवस त्याला पुष्टीही देतो, कारण दाब घटल्याने बिअर हळू येते आणि हळू आलेली बिअर कमी उसळते. पण केगमधली बिअर २.५ पट वायू धरून आहे आणि ४ अंशांवर तो आत ठेवायला तिला १२ पीएसआयची गरज आहे. वरून फक्त ५ पीएसआय मिळाले, की जास्तीचा वायू बाहेर निघू लागतो. तो आधी केगच्या मोकळ्या जागेत जमतो आणि मग नळीतही बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. पारदर्शक नळी असेल तर तिच्याकडे नीट पाहावे : बिअरच्या रेषेत मधेमधे वायूचे रिकामे तुकडे दिसतील. तोटी उघडल्यावर तेच आधी थुंकल्यासारखे बाहेर पडतात.

दाब न बदलता नुसते तापमान वाढले तरी हाच खेळ होतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. फ्रीजचे दार वारंवार उघडल्याने किंवा वीज गेल्याने बिअर ४ वरून १० अंशांवर गेली, तर तोच २.५ पट वायू धरून ठेवायला आता साडेसतरा पीएसआय लागतात. रेग्युलेटर १२ वरच असल्याने बिअरच्या दृष्टीने दाब साडेपाच पीएसआयने उतरल्यासारखेच झाले. अशा वेळी रेग्युलेटरला हात लावू नये. बिअर पुन्हा ४ अंशांवर येईपर्यंत थांबावे.

फेस आवरण्यासाठी दाबाऐवजी नळी बदलावी. केगमधला दाब वाटेत नळीच्या घर्षणात हळूहळू खर्च होऊन तोटीपाशी अगदी थोडा उरायला हवा. १२ पीएसआयसाठी वर सांगितलेल्या अरुंद नळीची लांबी साधारण ३ मीटर घेऊन सुरुवात करावी. फेस येत राहिला तर लांबी आणखी वाढवावी, आणि धार फारच बारीक झाली तर थोडी थोडी कापत जावे. जास्त वायूची गव्हाची बिअर लावणार असाल, तर नळी याहून बरीच लांब लागेल.

प्रश्न : पाहुणे येणार असले की आठ-दहा दिवस थांबणे जमत नाही. ३० पीएसआय लावून केग हलवला तर चालेल का?

उत्तर : चालते, पण दोन अटी पाळाव्यात : बिअर आधी पूर्ण थंड झालेली असावी आणि आपले घड्याळाकडे लक्ष असावे. ३० पीएसआय हा आकडा २० अंशांवर अगदी निरुपद्रवी असतो, कारण तिथे तो बिअरला २.६-२.७ पटीच्या पुढे नेऊच शकत नाही. ४ अंशांवर तोच दाब विसरून राहिला तर बिअर ४.२ पटींपर्यंत जाऊन पोहोचते, आणि मग तोटीतून निव्वळ फेस येतो. खोलीत केलेला प्रयोग ज्यांनी जसाच्या तसा फ्रीजमध्ये केला, त्यांची फसगत इथेच होते.

१९ लिटर बिअर खोलीच्या तापमानावरून ४ अंशांवर यायला घरगुती फ्रीजमध्ये साधारण एक दिवस लागतो, कधी त्याहून अधिक. तेवढा वेळ आधी द्यावा. मग न हलवता ३० पीएसआयवर एक ते दीड दिवस ठेवावे, गॅस बंद करून झाकणावरच्या झडपेतून जास्तीचा दाब सोडावा आणि १२ पीएसआय लावावा. हलवण्याने काम तासांवरून मिनिटांवर येते, पण तेव्हा नेमके कुठे थांबायचे हे सांगणारी कोणतीच खूण नसते. माझे मत विचाराल तर हलवू नये. वायू जास्त झालाच, तर गॅस काढून दर काही तासांनी झडप उघडावी. केग थोडा वेळ फ्रीजबाहेर ठेवला तर वायू लवकर सुटतो.

प्रश्न : वायू भरलेला, थंड केग दोन दिवस बाहेर न्यायचा आहे आणि तिथे फ्रीज नाही. दाब वाढून केग फुटण्याची भीती आहे का? आणि वायू निघून जाईल का?

उत्तर : ४ अंशांवर २.५ पट वायू भरलेली बिअर २५ अंशांवर गेली, की आतला दाब १२ वरून ३३ पीएसआयच्या आसपास चढतो. शीतपेयांसाठी बनलेल्या १९ लिटरच्या अनेक केगांवर १३० पीएसआयची मर्यादा कोरलेली असते, तेव्हा केगला धोका नाही. आपल्या केगवरचा आकडा मात्र वाचून घ्यावा. काचेच्या मोठ्या बाटलीत भरून नेण्याचा विचार असेल, तर तो कृपा करून सोडून द्यावा. ती बाटली या दाबासाठी बनवलेली नसते, आणि उन्हात ठेवलेल्या गाडीत ती फुटली तर कोणाला तरी इजा होईल.

झाकण बंद असेपर्यंत वायू कुठेही जात नाही. केग परत थंड केला की तो बिअरमध्ये परत मुरतो, फक्त वाटेत काळजीपोटी झडप उघडू नये. गरम आणि दाबलेला केग १२ पीएसआयवरच्या रेग्युलेटरला जोडतानाही सावध राहावे. केगमधला दाब जास्त असल्याने वायू उलट दिशेने गॅसच्या नळीत शिरतो, आणि केग काठोकाठ भरलेला असेल तर त्याच्याबरोबर बिअरही जाते. नळीत एकदिशा झडप बसवलेली असली तर हा प्रसंग टळतो.

प्रश्न : लागर १२ अंशांवर आंबवली, शेवटी दोन दिवस १८ अंशांवर ठेवली आणि मग तीन आठवडे २ अंशांवर मुरवली. केगमध्ये साखर घालून वायू तयार करताना, साखर किती घालायची ते सांगणाऱ्या तक्त्यात तापमान २ अंश धरले. बिअर मंद झाली. का?

उत्तर : कारण त्या रकान्यात १८ अंश धरायला हवे होते. आंबवणे चालू असताना तयार झालेल्या वायूपैकी काही भाग बिअरमध्ये शिल्लक राहतो, आणि तो किती राहतो हे आंबवणे संपताना व त्यानंतर बिअरने पाहिलेल्या सर्वाधिक तापमानावर ठरते. १८ अंशांवर तो साधारण ०.९ पट उरतो. पुढे बिअर २ अंशांवर नेली तरी निघून गेलेला वायू परतत नाही, कारण नवा वायू तयार करायला यीस्टजवळ साखरच उरलेली नसते. तक्त्याने मात्र १.६ पट शिल्लक धरून साखर कमी सांगितली. एक पट वायूसाठी दर लिटरला ३.८ ग्रॅम साखर लागते. त्या हिशेबाने २.५ पटींसाठी १९ लिटरला सुमारे ११५ ग्रॅम साखर हवी होती आणि आपण ६५ ग्रॅमच्या आसपास घातली असणार. बिअर १.८ पटींवर थांबली ती यामुळे. आता आणखी साखर घालू नये. केग ४ अंशांवर आणून १२ पीएसआय लावावा.

प्रश्न : सिलिंडर फ्रीजच्या आत ठेवल्यावर त्याच्या काट्यावरचा दाब एका रात्रीत बराच उतरला. गॅस गळतोय का?

उत्तर : बहुधा नाही. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो, आणि द्रव शिल्लक आहे तोवर त्यावरचा दाब फक्त तापमानावर अवलंबून राहतो. २० अंशांवर तो ५६ बारच्या (बार हे दाबाचेच दुसरे, मोठे एकक) आसपास असतो, तर ४ अंशांवर ३८ बारच्या आसपास. त्यामुळे भरलेला आणि जवळजवळ रिकामा सिलिंडर काट्यावर सारखेच दिसतात. किती गॅस उरला हे वजनावरूनच कळते. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या खांद्यावर कोरलेले असते, ते आजच्या वजनातून वजा करावे. १९ लिटरच्या एका केगमध्ये वायू भरायला आणि तो संपेपर्यंत ओतायला मिळून साधारण दीडशे ग्रॅम गॅस लागतो, त्यावरून आणखी किती केग होतील याचा अंदाज बांधता येतो.